व्हिसा का अडतो?

काम ठरले. मालकाचे पत्र आले. एजंट म्हणाला, "आठ दिवसांत व्हिसा येतो." आठ दिवस गेले. महिना गेला. दोन महिने गेले. व्हिसा काही आला नाही.

आपल्या जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतून कुणी वेल्डर म्हणून, कुणी गवंडी म्हणून, कुणी वायरमन किंवा ड्रायव्हर म्हणून अरबस्तानाकडे कामाला जातो. जाणारा एकटा असतो, पण वाट सारे घर पाहते. पहिल्या आठवड्यात शेजारी अभिनंदन करतात. दुसऱ्या महिन्यात तेच शेजारी विचारतात, "काय भाऊ, गेला नाही का अजून?" घरात चिडचिड सुरू होते. हातचे काम सोडलेले असते. कर्जाचे व्याज चढत असते.

मग माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर तो "आपले नशीबच फुटके" म्हणून बसून राहतो. नाहीतर उतावळा होऊन कुणी सांगेल त्या आडवाटेने जायला निघतो. दोन्ही वाटा वाईट आहेत. व्हिसा कुठे अडतो, का अडतो, हे ठाऊक असेल तर या दोन्ही वाटांना जावे लागत नाही. म्हणून आम्ही हा पाठ लिहिला आहे. सावकाश वाचा. एका बैठकीत झाला नाही तर दोन बैठकींत वाचा.

पासपोर्ट वेगळा, व्हिसा वेगळा

पुष्कळ लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात. पासपोर्ट आपले सरकार देते. "हा माणूस भारताचा नागरिक आहे" एवढे तो सांगतो. व्हिसा मात्र दुसऱ्या देशाचे सरकार देते. "या माणसाला आमच्या देशात येऊ द्या" असे तो सांगतो. पासपोर्ट म्हणजे आपल्या घराचा दाखला, आणि व्हिसा म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरण्याची परवानगी.

व्हिसाचेही प्रकार असतात. कुणी फिरायला जातो, कुणी नातेवाइकांना भेटायला जातो, कुणी यात्रेला जातो, कुणी कामाला जातो. प्रत्येकाचा व्हिसा निराळा. कामाचा व्हिसा सर्वांत कडक. कारण त्यावर फक्त कामगाराचे नाव नसते. कोणत्या मालकाकडे काम, कोणते काम, हेही त्या कागदपत्रांत बांधलेले असते. आखाती देशांत या मालकाला 'कफील' म्हणतात. कफील म्हणजे जामीन राहणारा. हा माणूस आमच्या देशात आहे तोवर मी त्याला जबाबदार आहे, असे तो आपल्या सरकारला लिहून देतो.

आता एक गोष्ट उघड होते. व्हिसा मालकाशी बांधलेला असेल, तर मालक बदलला की जुना व्हिसा कामाचा राहत नाही. एखाद्याने सौदीत दहा वर्षे काढली असतील. भाषा येत असेल, रस्ते पाठ असतील. तरी नव्या मालकाकडे जायचे म्हटले की कागदपत्रांचे काम पुन्हा करावे लागते. "मी तर जुना माणूस, माझा व्हिसा लगेच व्हायला हवा," असे वाटणे साहजिक आहे. पण कचेरीच्या वहीत माणूस जुना असला तरी मालक नवा असतो.

सातबाऱ्याचे उदाहरण

हे समजायला आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही एक एकर जमीन विकत घेतली. पैसे दिले. खरेदीखत झाले. त्याच संध्याकाळी सातबाऱ्यावर तुमचे नाव लागते का? नाही. आधी तलाठी फेरफाराची नोंद धरतो. ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस जाते. हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत असते. हरकत आली नाही तर मंडल अधिकारी नोंद मंजूर करतो. मगच जुन्या मालकाचे नाव कमी होते आणि तुमचे लागते. मध्येच कुणी हरकत घेतली, किंवा जुन्या सातबाऱ्यावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा निघाला, तर काम तिथेच थांबते.

नव्या मालकाच्या व्हिसाचेही असेच आहे. जुनी नोंद मिटल्याशिवाय नवी नोंद नीट बसत नाही. आणि नोंद मिटवणारी कचेरी एक नसते. तिकडच्या तीन-चार असतात, इकडच्या तीन-चार. कागद एका टेबलावरून उठून दुसऱ्या टेबलावर जातो. प्रत्येक टेबलावर तो चार दिवस थांबला तरी महिना सहज जातो. यात कुणाचा दोष असतोच असे नाही.

तिकडे काय चालते?

मालकाने पत्र दिले म्हणजे व्हिसा दिला, असे नाही. व्हिसा मालक देत नाही. तिकडचे सरकार देते. मालकाला आधी आपल्या सरकारकडे जाऊन सांगावे लागते की मला इतके गवंडी, इतके सुतार परदेशातून हवे आहेत. सरकार त्याचे कागद तपासते. कंपनीची नोंदणी आहे का, परवाना चालू आहे का, आधीच्या कामगारांचा पगार वेळेवर दिला आहे का, हे पाहते.

सौदी अरेबियाने २०११ साली 'निताकात' नावाची पद्धत सुरू केली. आपल्या देशातील लोकांनाही काम मिळावे, हा तिचा हेतू. प्रत्येक कंपनीत सौदी माणसे किती आहेत ते मोजतात आणि त्याप्रमाणे कंपनीला रंग देतात. हिरव्या रंगाच्या कंपनीला बाहेरून माणसे आणता येतात. तांबड्या रंगाच्या कंपनीला नवे व्हिसे मिळत नाहीत. म्हणजे मालक भला आहे, काम खरे आहे, पगारही चांगला आहे, तरी कंपनी तांबड्या रंगात गेली की व्हिसा अडला. तुमच्या कागदात काहीच खोट नसते. म्हणून एजंटाला विचारावे, "कंपनीला व्हिसे मंजूर झाले आहेत, की व्हायचे आहेत?" मंजूर झाले आणि व्हायचे आहेत, या दोन शब्दांत महिन्यांचे अंतर असते.

कंपनी अगदी नवी असेल तर आणखी वेळ लागतो. जुन्या कंपनीची वही कचेरीत आधीच उघडलेली असते. नव्या कंपनीची वही पहिल्या पानापासून लिहावी लागते.

कामाच्या नावाचीही गोष्ट आहे. मालकाने मंजुरी घेतली सुताराची, आणि तुम्ही आहात वेल्डर, तर ती मंजुरी तुमच्या उपयोगाची नाही. काही एजंट म्हणतात, "सुतार म्हणून जा, तिथे गेल्यावर वेल्डिंग कर." असे करू नये. सौदी अरेबियाने अलीकडे कारागिरांची परीक्षा घेण्याची पद्धत काढली आहे. प्लंबर, वायरमन, वेल्डर अशा कामांसाठी भारतातच परीक्षा द्यावी लागते. सुताराच्या कागदावर गेलेला वेल्डर परीक्षेतच पकडला जातो. पकडला नाही तरी तिथे वेगळे काम करताना सापडल्यास त्याची बाजू लंगडी पडते.

आणखी एक साधे कारण आहे, ते म्हणजे सुट्ट्या. सौदी अरेबियात सरकारी कचेऱ्या शुक्रवारी आणि शनिवारी बंद असतात. आपल्या केंद्र सरकारच्या कचेऱ्या शनिवारी आणि रविवारी बंद. म्हणजे दोन्हीकडे एकाच वेळी काम चालते ते सोमवार ते गुरुवार, चारच दिवस. रमजानच्या महिन्यात तिकडे कामाचे तास कमी होतात. ईदच्या वेळी आणि हजच्या दिवसांत कचेऱ्या लांबलचक बंद राहतात. अशा दिवसांत अर्ज गेला असेल तर दोन-तीन आठवड्यांचा विलंब धरूनच चालावे.

जुन्या मालकाचा बोजा

जो पहिल्यांदा जातो त्याला हा अडथळा नाही. पण जो एका मालकाला सोडून दुसऱ्याकडे जातो, त्याचा व्हिसा बहुधा इथेच अडतो.

आखातातून घरी येण्याचे दोन प्रकार आहेत. एक, रजेवर येणे. त्या वेळी कागदावर "जाऊन परत येणार" अशी नोंद असते. दुसरा, कायमचे येणे. त्या वेळी कामाचा आणि राहण्याचा परवाना रद्द करून निरोपाची नोंद होते. पुष्कळ माणसे रजेवर येतात, गावी आल्यावर नवे काम ठरवतात आणि जुन्या मालकाकडे परतच जात नाहीत. त्यांना वाटते, सुटलो. पण तिकडच्या वहीत नोंद राहते की हा माणूस गेला आणि परतला नाही. नवा मालक अर्ज करतो तेव्हा ही नोंद समोर येते, आणि अर्ज थांबतो.

याहून वाईट नोंद म्हणजे पळून गेल्याची. मालकाला न सांगता काम सोडले, तर तो तशी तक्रार नोंदवू शकतो. ही नोंद पुसायला फार त्रास पडतो.

म्हणून जुना मालक सोडताना घाई करू नये. पगार, शिल्लक रजेचे पैसे, नोकरी संपल्यावर मिळणारी रक्कम, हा हिशेब घ्यावा. परवाना रद्द झाल्याचा कागद मागून घ्यावा. हा कागद म्हणजे बोजा उतरल्याचा दाखला. तो सोन्यासारखा जपावा.

अलीकडे काही देशांनी कायदे सैल केले आहेत. कतारने २०२० मध्ये, आणि ओमान व सौदी अरेबियाने २०२१ मध्ये नियम बदलले. ठरावीक काळ काम केल्यावर किंवा करार पुरा झाल्यावर, नियमाप्रमाणे नोटीस देऊन, जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राशिवाय दुसरीकडे जाण्याची सोय झाली. ही चांगली गोष्ट आहे. पण ही बदली तिथे राहून, तिथल्या कचेरीच्या नोंदीतून करायची असते. मनात आले आणि उठून गेलो, असे चालत नाही.

इकडे काय चालते?

आता आपल्या बाजूचे पाहू. इथला विलंब पुष्कळसा आपल्या हातात असतो.

पहिली गोष्ट नाव आणि जन्मतारीख. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि पासपोर्ट या तिन्हींवर नाव एकसारखे आहे का? पूर्वी पुष्कळ गावांत मुलाला शाळेत घालताना जन्माचा दाखला नसे. मुलाची उंची पाहून वय ठरे, आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून वहीत १ जून ही तारीख लिहिली जाई. त्यामुळे एकेका वर्गात निम्म्या मुलांचा वाढदिवस १ जूनला येई! पुढे आधार काढताना आईने खरी तारीख सांगितली. झाली गडबड. दाखल्यावर एक, आधारवर दुसरी. नावाचेही तसेच. एका कागदावर वडिलांचे नाव पुरे, दुसऱ्यावर नुसते पहिले अक्षर. आडनावाचे स्पेलिंग एकीकडे एक, दुसरीकडे दुसरे.

आपल्या गावात ही गोष्ट कुणाच्या लक्षातही येत नाही. सारे तुम्हाला ओळखतात. परदेशी कचेरीतील माणूस तुम्हाला ओळखत नाही. त्याच्यापुढे फक्त अक्षरे असतात. दोन कागदांवर दोन नावे दिसली की त्याच्या मते ती दोन माणसे. म्हणून पासपोर्ट काढण्यापूर्वीच सारे कागद एकसारखे करून घ्यावे. पासपोर्टची मुदतही पाहावी. ती सहा महिन्यांहून कमी उरली असेल तर आधी नवा पासपोर्ट घ्यावा. पूर्वी पासपोर्टसाठी लांब जावे लागे. २०१७ पासून सरकारने टपाल कचेऱ्यांत पासपोर्ट सेवा केंद्रे उघडायला सुरुवात केली, त्यामुळे हे काम पुष्कळ सोपे झाले आहे.

दुसरी गोष्ट वैद्यकीय तपासणी. आखाती देशांसाठी ती कुठल्याही डॉक्टरकडे चालत नाही. त्या देशांनी मान्य केलेल्या दवाखान्यातच करावी लागते. तिथे रक्त तपासतात, छातीचा फोटो काढतात. क्षयरोग, काविळीचे काही प्रकार, एच.आय.व्ही. यांची तपासणी होते. पूर्वी क्षय होऊन बरा झालेला असला तरी छातीच्या फोटोत डाग दिसू शकतो आणि त्यावरून माणूस नापास ठरू शकतो. या तपासणीला मुदत असते. व्हिसा लांबला आणि मुदत संपली तर तपासणी पुन्हा करावी लागते, पैसेही पुन्हा भरावे लागतात. म्हणून व्हिसाची मंजुरी आल्याचा कागद दिसल्याशिवाय तपासणीची घाई करू नये.

तिसरी गोष्ट बोटांचे ठसे. काही देश व्हिसा देण्याआधी ठसे आणि फोटो घेतात. त्यासाठी मुंबईला जावे लागते. विटांचे, सिमेंटचे काम करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र त्या ओळखत नाही आणि पुन्हा खेप पडते. जाण्यापूर्वी काही दिवस हातांना रोज खोबरेल तेल चोळावे. उपाय साधा आहे, पण पुष्कळदा उपयोगी पडतो.

सरकारची मंजुरी कशासाठी?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टाला 'ई.सी.आर.' पासपोर्ट म्हणतात. असा पासपोर्ट असलेल्याने सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहरीन, मलेशिया अशा अठरा देशांत कामाला जायचे, तर व्हिसा मिळाल्यावरही आपल्या सरकारची मंजुरी लागते. ही मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याला 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' म्हणतात, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांचा रक्षक. मुंबईत ही कचेरी वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात आहे. ही इमारत २०१७ मध्ये सुरू झाली. दहावी झालेल्यास, आयकर भरणाऱ्यास, पन्नाशी ओलांडलेल्यास, किंवा परदेशात तीन वर्षे राहून आलेल्यास ही मंजुरी लागत नाही, मात्र पासपोर्टात तशी नोंद करून घ्यावी लागते.

लोक म्हणतात, "व्हिसा आला, तिकीट आले, आता ही आणखी एक आडकाठी कशाला?" यामागे जुनी कहाणी आहे. १८३४ पासून इंग्रजांच्या राज्यात आपले गरीब लोक मॉरिशस आणि इतर दूरच्या बेटांवर उसाच्या मळ्यांत कामाला नेले जात. त्यांच्याकडून एका करारावर अंगठा घेत. 'ॲग्रीमेंट' या शब्दाचे बोलीत 'गिरमिट' झाले आणि त्या लोकांना गिरमिटिया म्हणू लागले. करारात काय लिहिले आहे हे पुष्कळांना वाचता येत नव्हते. फसवणूक फार झाली. देशात मोठी चळवळ झाली आणि १९१७ साली ही भरती थांबली. अंगठा देणारा माणूस फसतो, हे देश तेव्हा शिकला. स्वतंत्र भारताने १९८३ साली परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठी कायदा केला. मंजुरी या कायद्यामुळे लागते.

मंजुरी देताना काय पाहतात? मालक खरा आहे का, करारात पगार किती, कामाचे तास किती, राहण्याची सोय कुणाची, परतीचे तिकीट कोण देणार. हे सारे आता 'ई-मायग्रेट' नावाच्या संगणकावरील नोंदवहीत होते. परदेशी मालकालाही तिथे नाव नोंदवावे लागते. लागेल तिथे त्या देशातील आपली वकिलात मालकाची चौकशी करते. नवा मालक म्हणजे नवी नोंदणी आणि नवी चौकशी. त्यासाठी आणखी काही आठवडे जातात. पण हे आठवडे तुमच्या भल्याचे आहेत. चौकशीत मालक खोटा निघाला, तर तो तुम्ही घरी असतानाच निघतो.

मंजुरीबरोबर 'प्रवासी भारतीय विमा' काढणे सक्तीचे आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५ रुपये. अपघातात मृत्यू आला किंवा कायमचे अपंगत्व आले तर १० लाख रुपये मिळतात. दोनशे-तीनशे रुपयांत एवढे संरक्षण दुसरीकडे मिळत नाही. जाण्यापूर्वी एक दिवसाचे शिक्षणही सरकारतर्फे मोफत देतात.

बहिणींसाठी एक वेगळी सूचना. ई.सी.आर. पासपोर्टावर या देशांत घरकामाला जाणाऱ्या बाईचे वय तीस वर्षांहून कमी असेल तर मंजुरी मिळत नाही. कुणी "वय वाढवून देतो" म्हणाला, तर तो भला माणूस नव्हे हे समजावे.

आडवाट

विलंब झाला की एक माणूस हमखास भेटतो. तो म्हणतो, "कामाच्या व्हिसाची वाट कशाला पाहता? भेटीच्या व्हिसावर चला. तिथे गेल्यावर कामाचा करून देतो." हे ऐकायला गोड वाटते. भेटीचा व्हिसा लवकर मिळतो. फिरायला जाणाऱ्याला सरकारची मंजुरीही लागत नाही. आणि धोका नेमका इथेच आहे.

भेटीच्या व्हिसावर गेलेला माणूस कागदोपत्री पाहुणा असतो, कामगार नव्हे. त्याचा करार नसतो. त्याचा विमा नसतो. पगार मिळाला नाही तर तो कामगार म्हणून सहज दाद मागू शकत नाही. व्हिसाची मुदत संपली की दंड चढू लागतो. तो पकडला गेला तर कैद होते आणि परत पाठवतात, पुढे त्या देशात जायची बंदीही येऊ शकते. मालकाला हे सारे ठाऊक असते. म्हणून तो म्हणेल तितक्या पैशांत, म्हणेल तितके तास काम करावे लागते. अडला हरी गाढवाचे पाय धरी.

वेळ वाचवायला गेला आणि वर्ष घालवून बसला, असे होऊ देऊ नका.

वाट पाहण्याच्या दिवसांत

सरकारी परवाना असलेल्या एजंटाकडेच जावे. परवान्याला नंबर असतो. तो मागावा, आणि ई-मायग्रेटवर तो खरा आहे का ते गावातील शिकलेल्या मुलाकडून पाहून घ्यावे. परवानाधारक एजंटाच्या नावाने गावोगाव फिरणारे हस्तक असतात. त्यांना भरती करण्याचा अधिकार नसतो. कायद्याने एजंटाला सेवेबद्दल जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जी.एस.टी. घेता येतो. म्हणजे एकूण ३५,४०० रुपये. दीड-दोन लाख मागणारा एजंट कायदा मोडतो आहे. पैसे द्याल ते बँकेतून द्या आणि पावती घ्या. पावती नाही तर पुरावा नाही.

हातचे काम सोडू नका. व्हिसा हाती येण्यापूर्वी बैल विकू नका, शेत गहाण टाकू नका, बायकोचे सोने मोडू नका. हिशेब करून पाहा. शेकडा तीन रुपये महिना या दराने एक लाख रुपये काढले, तर दरमहा ३,००० रुपये व्याज होते. चार महिने व्हिसा लांबला तर १२,००० रुपये गेले. आणि अजून तुम्ही गावच्या एस.टी. स्टँडवरही पोचलेला नाहीत.

दर पंधरा दिवसांनी एजंटाला विचारा. पण "व्हिसा कधी येणार?" असे विचारू नका. त्याला "आठ दिवसांत" हे उत्तर तोंडपाठ असते. त्याऐवजी असे विचारा:

कागद आज कोणत्या कचेरीत आहे?

अर्जाचा नंबर काय?

पुढची पायरी कोणती, आणि तिच्यासाठी माझ्याकडून कोणता कागद हवा आहे?

खरा एजंट या प्रश्नांना उत्तर देतो. खोटा एजंट रागावतो.

शंका आली तर सरकारच्या मोफत दूरध्वनीवर विचारता येते. त्याचा नंबर १८०० ११ ३०९० आहे. फसवणूक झाली असेल तर पोलीस ठाण्यात आणि प्रोटेक्टरच्या कचेरीत तक्रार करावी. परदेशात अडचण आली तर आपल्या वकिलातीकडे जावे. 'मदद' नावाच्या सरकारी नोंदवहीत घरबसल्याही तक्रार नोंदवता येते.

आपल्याकडची केळीसुद्धा परदेशी जातात. २०२१ च्या जूनमध्ये रावेर तालुक्यातील तांदळवाडीची केळी दुबईला गेली. तो माल बागेतून उठून सरळ दुबईत पडला नाही. तो निवडला, धुतला, तपासला, पेटीत भरला, कागद केले, शिक्के झाले, मग जहाज. केळ्याला एवढे सोपस्कार लागतात. मग घरचा कर्ता माणूस पाठवायचा तर चार कागद जास्त तपासले गेले म्हणून वाईट वाटायला नको.

घरच्यांसाठी

जाणारा जातो, मागे घर राहते. पासपोर्ट, व्हिसा, करार आणि विमा, या चार कागदांच्या छायाप्रती घरी ठेवल्याच पाहिजेत. मालकाचे नाव आणि पत्ता वहीत लिहून ठेवावा. उद्या तिकडे काही बरेवाईट झाले, तर कचेरीत पहिला प्रश्न हाच विचारतात: "पासपोर्टचा नंबर काय?" तो ठाऊक नसेल तर घरच्यांना दारोदार हिंडावे लागते. तो हाताशी असेल तर तक्रार त्याच दिवशी नोंदवता येते.

आता पाठ संपला. पण पुस्तक मिटण्यापूर्वी एक काम करा. घरातील पेटी उघडा. शाळेचा दाखला, आधार कार्ड आणि पासपोर्ट काढून एका ओळीत मांडा. तिन्हींवरचे नाव मोठ्याने वाचा. तिन्हींवरची जन्मतारीख वाचा. पासपोर्ट इंग्रजीत असतो, म्हणून तो शाळेत जाणाऱ्या मुलाकडून किंवा मुलीकडून वाचून घ्या. एका अक्षराचा जरी फरक दिसला, तरी उद्याच दुरुस्तीला लागा. तुम्ही आता वाचू शकता. हे काम दुसऱ्या कुणावर सोपवण्याचे कारण उरलेले नाही.